‘गवंडी सुतार’ म्हणतील लोक!

प्रश्न : मी अंबाजोगाई तालुक्यातला. आडनाव सुतार आणि कामही सुतारकीचं. चाळीस वर्षं रंधा ओढला. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सुनेचं माहेर लातूर, तिथंच दवाखान्यात नातू झाला. बारसं येत्या रविवारी. मुलगा म्हणतो, नाव ‘मेसन’ ठेवायचं. त्याच्या अमेरिकेतल्या साहेबाच्या पोराचं नाव आहे म्हणे. पुतणीनं मोबाईलवर अर्थ काढला तर ‘गवंडी’ निघाला. ज्याच्या हातात रंधा येऊ नये म्हणून मी राबलो, त्याच्या पोराचं नाव गवंडी कामून? गावात ‘गवंडी सुतार’ म्हणून हसतील. वर मुलगा म्हणतो, आडनाव लावायचंच कशाला, नुसतं मेसन पुरे. सून काही बोलत नाही. पाळणा मी केलाय, सागवानी. पुढच्या फळीवर नाव कोरायचं ठरलं होतं. फळी रंधून पडली आहे. काय कोरू?

उत्तर : आजोबा, फळीला इतक्यात पटाशी लावू नका. तिच्याकडे शेवटी येऊ.

पुतणीनं काढलेला अर्थ चुकीचा नाही, पण अर्धा आहे. ‘मेसन’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, मग तिथे दगडी किल्ले आणि चर्च उभी राहू लागली, आणि ते काम करणारा तो मेसन. तो दगड घडवायचा आणि रचायचाही. आपल्याकडे ही दोन माणसांची कामं. छन्नी-हातोडीनं दगडाला आकार देतो तो पाथरवट. ओळंबा सोडून, सूत ताणून, थापीनं चुना पसरून चिऱ्यावर चिरा बसवतो तो गवंडी. मेसन म्हणजे हे दोघे मिळून. आणि तुमच्याकडच्या बोलीत तर गवंड्यालाही ‘मिस्त्री’ म्हणतात, सुतारालाही ‘मिस्त्री’च. गावानं तुम्हा दोघांना कधीच एका नावाखाली आणून ठेवलंय.

आता हे धंद्याचं नाव पाळण्यात कसं आलं? इंग्लंडमध्ये साधारण १२०० ते १४०० या काळात आडनावं पक्की झाली. गावात जॉन नावाचे दहा जण, मग लोहारकाम करणारा जॉन तो ‘जॉन स्मिथ’. लाकडी पिंपं बांधणारा कूपर, बाण करणारा फ्लेचर, मेणबत्त्या करणारा चँडलर, गाडी हाकणारा कार्टर, कौलं बसवणारा टायलर, करवतीनं लाकूड कापणारा सॉयर. मोठ्या घरातल्या नोकरांचीही अशीच गत. कोठीतून धान्य मोजून देणारा स्पेन्सर, घराचा कारभार बघणारा स्ट्युअर्ट. मार्शल हा शब्द मुळात घोड्यांची निगा राखणाऱ्या चाकराचा. पुढे तोच सैन्यातला बडा हुद्दा झाला.

पुढे सोळाव्या शतकापासून तिथल्या जमीनदार घराण्यांत आईचं माहेरचं आडनाव मुलाचं नाव म्हणून ठेवायची चाल पडली. माहेरचा वारसा, कधी माहेरची जमीनही, त्या नावाबरोबर चालत यायची. अमेरिकेत गेलेल्यांनी ती चाल नेली, आणि हळूहळू माहेरचा संबंध सुटला, नुसतं आडनाव पुढे आलं. म्हणून मेसन, कूपर, पार्कर ही तिथे मुलांची सरसकट नावं आहेत. हार्पर, म्हणजे हार्प वाजवणारा, मुलींना ठेवतात. मेसन तर २०११ मध्ये अमेरिकेत मुलांच्या नावांत दुसऱ्या क्रमांकावर होतं. नंतर ते खाली आलं. टायलर हे १९९० च्या दशकात पहिल्या दहात होतं, आज ते ऐकलं की तिथले लोक मनातल्या मनात माणसाचं वय तीसच्या पुढे धरतात. आपल्याकडे ‘संजय’, ‘सुनीता’ ऐकल्यावर धरतो तसं. म्हणजे तुमच्या मुलाला जे नवंकोरं वाटतंय त्याच्यावरही तिथे सालाचा शिक्का आहेच.

पण गोडी कशात आहे ते नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे. तिथे हे नाव गोड लागतं कारण त्याच्यामागचा धंदा सुटून गेला आहे. फ्लेचर नावाच्या पोराला कुणी बाण करायला सांगत नाही. कूपर म्हटल्यावर तो कुठल्या आळीतला, त्याच्या सोयरिकी कुठं होतात, त्याच्या घरचं पाणी चालतं की नाही, हे काहीच कळत नाही. शब्दात उरतो तो फक्त हाताच्या कामाचा सुवास, आणि दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या माणसाला त्या सुवासाची ओढ जास्त. आपल्याकडे मात्र आडनाव सांगितलं की समोरचा मनात खातं उघडतो. ‘सुतार’ म्हटलं की जात कळली, बलुतं कळलं, गावातलं घर कुठल्या बाजूला ते कळलं. या भागात पणजोबांच्या कागदावर काय धंदा लिहिलाय याला आज किती वजन आलंय, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून तोच अर्थ साहेबाच्या पोराला शोभला आणि तुमच्या नातवाच्या नावात टोचला. ‘मेसन देशपांडे’ असतं तर तुम्ही पत्र लिहिलं असतंत का? खरं सांगा. टोचलं ते ‘सुतार’च्या शेजारी उभं राहिलं म्हणून.

धंद्याचं किंवा हुद्द्याचं नाव माणसाला ठेवायची रीत आपल्याला नवी आहे असंही नाही. वैजापूर-गंगापूरकडे जा, ‘कारभारी’ नावाची माणसं गावोगाव भेटतात. त्याचा अर्थ आणि स्ट्युअर्टचा अर्थ एकच. पाटीलबा आहे, सरदार आहे, रावसाहेब आहे. फरक इतकाच की आपण नावात हुद्दा घेतो, हुन्नर घेत नाही. कारभारी चालतो, कुंभार चालत नाही. हुन्नर पुढे आणला तो संतांनी. तेरच्या गोरोबांना ‘गोरा कुंभार’ म्हणताना कुणाच्या मनात हलकेपणा येत नाही, उलट हात जोडले जातात.

आणि रविवारी तुमच्याच घरात काय होणार आहे ते आठवा. आत्यानं कानात कुर्रर्र करण्याआधी बायका बाळाला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतील आणि म्हणतील, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. गोपाळ म्हणजे गाई राखणारा, सरळ सरळ गुराखी. धंद्याचंच नाव आहे. देवानं तो धंदा केला म्हणून आपल्या कानाला ते धंद्याचं वाटत नाही. इंग्रजीतला जॉर्जही असाच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ शेतकरी.

तेव्हा अर्थाला हसतील याची भीती सोडा. पाथरवट आणि सुतार यांचं नातं तर तुम्हा मंडळींत आधीच सांगितलेलं आहे. पांचाळ परंपरेत विश्वकर्म्याच्या पाच मुलांची पाच कामं : मनूचं लोखंड, मयाचं लाकूड, त्वष्ट्याचं तांबं, शिल्पीचा दगड, दैवज्ञाचं सोनं. मय आणि शिल्पी सख्खे भाऊ. ‘सुतार’ हा शब्दही ‘सूत्रधार’ वरून आला, म्हणजे मापाचं सूत हातात धरणारा, आणि सुताशिवाय भिंत तरी कुठं सरळ उठते?

पटत नसेल तर वेरूळचं दहावं लेणं बघून या. मंगळवार सोडून, त्या दिवशी लेणी बंद असतात. लोक त्याला विश्वकर्मा लेणं म्हणतात, कुणी ‘सुतार का झोपडा’ म्हणतात. सातव्या शतकातलं बौद्ध चैत्यगृह आहे. आत गेलात की मूर्तीकडे बघण्याआधी मान वर करा. कमानदार छताला एकामागून एक वासे, बैलाच्या फासळ्यांसारखे वळलेले, खालच्या तुळईवर टेकलेले. तुमची नजर सवयीनं सांधा शोधेल. सांधा नाही, कारण लाकूडच नाही. अख्खं छत डोंगरातून कोरून काढलंय आणि त्यात वासे ठेवलेत. डोंगराला वाशाची गरज नसते. एकाही वाशावर कणभर भार नाही. आधीच्या पिढ्यांनी लाकडाची चैत्यगृहं बांधली होती, म्हणून दगडात कोरणाऱ्यानंही सुताराची रीत सोडली नाही. सुतार मंडळी तिथल्या बुद्धमूर्तीला विश्वकर्मा मानून नमस्कार करत आली ती याच छतामुळे. ‘मेसन सुतार’ हे नाव कुणाला हसण्यासारखं वाटलं तर त्याला त्या छताखाली उभं करा.

हे सगळं सांगूनही आमचं मत विचाराल तर आम्ही मेसन ठेवणार नाही. कारण अर्थ नव्हे, तोंड.

नाव हाकेत टिकतं की नाही हे वाड्याच्या दारात उभं राहून कळतं. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘मेय्‌सन’ असा ओढून होतो. आपल्या तोंडात तो ‘मेसन’ होईल, आणि शाळेत चार दिवसांत ‘मेस्या’. लातुरात तर विद्यार्थ्यांच्या खानावळींच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत, प्रत्येकीवर ‘मेस’ लिहिलेलं. ‘ए मेस, डबा दे’ हे पहिल्याच वर्षी ऐकायला लागेल. त्याहून वाईट म्हणजे घाईत हाक मारली की ‘म्हैस’ ऐकू येते. पोरं दुष्ट नसतात, पण कान तिखट असतात.

धंद्याच्या इतर इंग्रजी नावांचंही असंच आहे, मुलगा दुसरं शोधायला निघाला तर त्याला आधीच सांगा. हंटर म्हणजे शिकारी, पण मराठीत हंटर म्हणजे चाबूक. टेलर म्हणजे शिंपी, आणि तुमच्या चौकात ‘लेडीज टेलर’ची पाटी आजही आहे, तो धंदा आपल्याकडे त्याच शब्दाखाली जिवंत आहे, त्यामुळे नाव नुसतं नाव राहत नाही. पार्कर पेन वाटतो. टायलर म्हटलं की लोक टायर ऐकतात. सगळ्यात मजा सॉयरची. लाकूड कापणारा, म्हणजे अर्थानं तुमच्या घराच्या सगळ्यात जवळचं नाव. पण बारशाला जमलेल्या म्हाताऱ्या बाईला ते ‘सोयर’ ऐकू येईल, आणि ती म्हणेल, अहो, सोयर फिटलं की कालच!

ऐकून ठरवायचं असेल तर अशी परीक्षा घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. नाव कागदावर लिहू नका, बोला. एकदा अंगणातून माडीवर जोरात हाक मारा. मग त्याला प्रत्यय लावून वाक्यं म्हणा : मेसनला झोपव, मेसननं सांडलं, मेसनचा सदरा. जे नाव ‘ला’ आणि ‘नं’ लावल्यावर अडखळतं ते घरात टिकत नाही, त्याच्या जागी बंटी किंवा सोनू येतो. मेसन इथे पास होतं, हे कबूल. मग घरातल्या सगळ्यात लहान मुलाला नावाचं लाडकं रूप करायला सांगा आणि सगळ्यात खोडकर मुलाला चिडवायचं रूप. शेवटी कुणाला तरी फोनवर नाव सांगून मराठीत लिहायला लावा. तीन माणसांनी तीन तऱ्हेनं लिहिलं तर पुढे कागदपत्रांत तेच होणार. मेसन इथे नापास होतं. इंग्रजीत एम-ए-एस-ओ-एन असं भरलं की अक्षरांवरून मराठी करणारा संगणक ‘मासोन’ किंवा ‘मसोन’ काढू शकतो. कुणी ‘मॅसन’ लिहील. जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचा दाखला यांत तीन रूपं झाली की पुढे जातीच्या दाखल्याला, पडताळणीला खेटे सुरू. ठेवायचंच ठरलं तर प्रत्येक फॉर्मवर मराठी अक्षरं स्वतः तपासूनच सही करा, ‘आपोआप आलं’ यावर विसंबू नका.

आता कागदाचं, कारण रविवारची घाई तिथूनच सुटते. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. नातू लातूर शहरात झाला, तेव्हा नोंद लातूर महानगरपालिकेत; अंबाजोगाईत नाही, पुण्यातही नाही. २१ दिवसांत ती व्हावी लागते, आणि बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची. पण नोंद म्हणजे नाव नव्हे. नावाची जागा रिकामी ठेवून नोंद होते, आणि त्यानंतर १२ महिन्यांपर्यंत नाव फुकट भरता येतं. त्यापुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे बारशाला पाळण्यात एक नाव म्हणा, महिनाभर हाका मारून बघा, आणि मगच महापालिकेत जा. उलट घाई केलीत तर अडकाल. एकदा भरलेलं नाव ‘आता आवडत नाही’ म्हणून खोडून मिळत नाही. लिहिताना झालेली चूक दुरुस्त होते. नाव बदलायचं तर राजपत्रात प्रसिद्ध करायचं आणि मग एकेक कागद बदलत बसायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, सरकारी नोकरी या सगळ्याला जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. त्या एका कागदावरचं अक्षर हा पाया. पाया वाकडा गेला तर वर ओळंबा लावून उपयोग नाही, हे गवंडीही सांगेल आणि तुम्हीही.

आडनाव गाळायचं मुलगा म्हणतो ते मात्र ऐकू नका. इथे आम्ही ठाम आहोत. त्याला अमेरिकेची भाषा कळते, म्हणून त्याच भाषेत सांगा. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असली की अमेरिकेच्या व्हिसावर आहे तेच नाव आडनाव म्हणून छापतात आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही अक्षरं घालतात, म्हणजे ‘पहिलं नाव माहीत नाही’. नातू तिथल्या शाळेत ‘एफएनयू मेसन’ म्हणून जाईल. संयुक्त अरब अमिरातीनं तर नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्द असलेल्यांना पर्यटक व्हिसावर घेणं थांबवलं. आणि इथे महाराष्ट्रात, १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम ठरला आहे. आडनावाची जागा रिकामी ठेवली तर पुढे जातपडताळणीत बापाच्या आणि आजाच्या कागदाशी नातू जोडायचा कसा? तुमच्या मुलाला ‘सुतार’ ची लाज वाटते असं आम्ही म्हणत नाही. पण वाटत असेल तर तो प्रश्न त्याचा आहे, नातवाच्या दाखल्यावर तो सोडवू नये.

त्या क्रमात दुसऱ्या जागी कोण आहे बघितलंत? सून. आणि तुमच्या पत्रात तिच्याविषयी एकच ओळ आहे, ‘काही बोलत नाही’. बाळंतीण आहे, माहेरी आहे, सासरा आणि नवरा नावावरून ताणून धरताहेत; ती कशाला बोलेल? तुम्ही स्वतः विचारू नका, तुम्हाला ती ‘तुम्ही म्हणाल तसं’ एवढंच म्हणेल. तिच्या आईला किंवा नणंदेला विचारू द्या, घरात पुरुषमंडळी नसताना. अनेकदा बाईनं सात महिन्यांपासून एक नाव मनात धरलेलं असतं. आणि एक लक्षात ठेवा, शेवटचा शब्द आईबापाचा. तुम्हाला सल्ला द्यायचा हक्क आहे, फळी अडवायचा नाही.

मुलाशी बोलताना ‘गवंडी’ हा शब्द काढू नका. तो म्हणेल, बाबा, कष्टाच्या कामाला तुम्हीच हलकं म्हणता? आणि त्याचं खरं असेल. त्याऐवजी विचारा, तुला यात काय आवडलं? साहेब आवडला, का आवाज आवडला, का अर्थ? साहेब आवडला असेल तर उत्तर सोपं, साहेब दोन वर्षांनी बदलतो. आवाज आवडला असेल तर दोन-तीन अक्षरी, ‘न’वर संपणारी मराठी नावं त्यानं स्वतः शोधावीत, भरपूर आहेत. पण अर्थ आवडला असेल, हाताच्या कामाचं नाव असावं असं त्याच्या मनात कुठं तरी असेल, तर तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात आणि तुम्हाला ते कळलेलं नाही.

तसं असेल तर तीन नावं त्याच्यापुढे ठेवा.

‘ऋभू’ आम्हाला सगळ्यात आवडतं. वेदांत ऋभू म्हणून तीन भाऊ आहेत, मुळात माणसं, कारागीर. त्यांनी अश्विनीकुमारांचा रथ घडवला, त्वष्ट्याच्या एका चषकाचे चार चषक केले, आणि त्या हातांच्या जोरावर देवपद मिळवलं. यज्ञ करून नव्हे, तप करून नव्हे, कामावर. धोका एकच, ‘ऋ’. मराठी माणूस ‘रुभू’ म्हणतो, हिंदी माणूस ‘रिभू’. इंग्रजीत आर-यू लिहायचं की आर-आय, ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि मग मरेपर्यंत बदलू नका.

‘तक्ष’ सध्या चालतं नाव आहे, मुलाला ते जुनाट वाटणार नाही. रामायणात भरताच्या मुलाचं नाव. पण संस्कृतात तक्ष् म्हणजे लाकूड तासणं, आणि तक्षन् म्हणजे सुतार. तेव्हा ‘तक्ष सुतार’ म्हणजे सुतार सुतार! तुम्ही ते मनात हसून घ्यावं, गावाला कळणार नाही. कुणी तरी तक्षक नागाची आठवण काढेल, परीक्षिताला डसलेला. काढू द्या.

‘मय’ हा तिसरा. मयसभा बांधणारा, आणि पांचाळांच्या हिशेबानं लाकडाचा धनी. पण असुर म्हणून बायका नाक मुरडतील आणि नाव फार छोटं आहे, हाकेला पुरत नाही. आम्ही नुसतं सांगून ठेवतो.

यातलं एकही पटलं नाही आणि मुलगा-सून मेसनवरच अडून बसली, तर बारशाला तुम्हीच पुढे व्हा. कुणी अर्थ विचारला तर ‘गवंडी’ नका सांगू, ‘पाथरवट’ सांगा, आणि वेरूळचं छत सांगा. आजाच्या तोंडून अर्थ आधी आला की चेष्टेला जागा उरत नाही. पाळण्यातलं नाव वेगळं ठेवून तडजोड करायची असेल तर तीही करा, घराघरात होते. फक्त ते दुसरं नाव कुठल्याही कागदावर जाऊ देऊ नका, लसीकरणाच्या कार्डावरसुद्धा. तिथूनच घोळ सुरू होतो. आशाताई विचारतात, आजी घरचं नाव सांगते आणि पुढे सगळीकडे तेच चिकटतं.

आता फळी. रविवारी पाळणा कोऱ्या फळीनंच सजवा, वर फुलांची माळ येतेच, कुणाचं लक्ष जाणार नाही. नाव पक्कं झालं, दाखला हातात आला, मग त्या दाखल्यावरचं अक्षर बघूनच कोरा. मूळ फळीवर नको. वेगळी पट्टी घ्या आणि मागून दोन स्क्रूनं बसवा, उद्या नात झाली तर पाळणा तोच, पट्टी दुसरी. ‘मेसन’ला वर मात्रेसाठी जागा सोडावी लागेल, ‘ऋभू’ला खाली ऊकारासाठी, तेव्हा पट्टीची रुंदी आत्ताच कापून ठेवू नका. शिरोरेषा लाकडाच्या रेषेच्या दिशेनं जाते, तिची चीर पळते. दोन्ही टोकांना आधी उभा घाव घालून घ्या, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण डोळ्यांत पाणी असलं की हात चुकतो म्हणून लिहिलं.